परक्याच्या रानातून हक्काची वाट

देशोदेशीचे शिवार



सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीकडे निघालेला गडी, नाहीतर दप्तर मागे बांधून शाळेला निघालेली मुलगी. सायकल ही कामाची वस्तू. चढ लागला की उतरून ढकलायची आणि चिखल लागला की खांद्यावर घ्यायची, हा आपला शिरस्ता. इंग्लंडात मात्र सुटीचा दिवस आला की माणसे मुद्दाम चढ शोधून, मुद्दाम दगडधोंड्यांची वाट शोधून सायकल घेऊन निघतात. पाऊस असला तरी निघतात आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून, पण खुशीत परत येतात.

या सायकलीला माउंटन बाइक म्हणतात. म्हणजे डोंगरातली सायकल. टायर रुंद आणि खोल नक्षीचे, हँडल सरळ, पुढच्या चिमट्यात धक्के सोसण्याची सोय, ब्रेक पक्के आणि चढासाठी हलके गिअर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काही तरुण १९७० नंतरच्या वर्षांत जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावर सुटायचे. त्यातून हा प्रकार निघाला. १९८१ साली कारखान्यात मोठ्या संख्येने बनवलेली अशी सायकल बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत ती इंग्लंडच्या डोंगरात पोहोचली. इंग्लंडला खडबडीत वाटेची हौस मात्र त्याआधीपासूनची. साध्या सायकली घेऊन डोंगरवाटा तुडवणाऱ्यांनी तिथे १९५५ मध्येच ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचा संघ काढला होता.

सायकलीचे वर्णन एवढे पुरे. शेतकऱ्याच्या मनात येणारा खरा प्रश्न निराळा आहे. ही माणसे जातात कोणाच्या रानातून? आणि रानाचा मालक गप्प कसा बसतो?

कारण तिथले डोंगर मोकळे पडलेले नाहीत. त्यांवर मेंढरे चरतात, पायथ्याला कुरणे आहेत, दगडी गडगे घालून वाटण्या केलेल्या आहेत. राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्याला बिबळ्याचे राखीव जंगल आठवते. तिकडे तसे नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत गावे आहेत, गोठे आहेत, शेते आहेत आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. तरीही शहरातला सायकलवाला तिथल्या शेतकऱ्याच्या कुरणातून, त्याच्या खळ्याशेजारून, त्याचे फाटक उघडून जातो. तो परवानगी मागत नाही आणि शेतकरीही त्याला अडवू शकत नाही. हे कसे, ते आज पाहू.

वाटांच्या जाती

इंग्लंडमध्ये खासगी जमिनीतून जाणाऱ्या सार्वजनिक हक्काच्या वाटा आहेत. जमीन मालकाचीच राहते, गवत त्याचे, झाड त्याचे. त्या पट्ट्यावरून जाण्या-येण्याचा हक्क मात्र सर्वांचा. आपल्याकडे ज्याला वहिवाट म्हणतात तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की आपली वहिवाट बहुधा शेजारच्या शेतकऱ्यापुरती असते आणि ही साऱ्या जगाला खुली असते.

या वाटांच्या मुख्य जाती अशा. पहिली फुटपाथ, म्हणजे पायवाट. तिच्यावरून फक्त चालायचे. दुसरी ब्रायडलवे. ब्रायडल म्हणजे घोड्याचा लगाम, म्हणून तिला आपण घोडवाट म्हणू. तिच्यावरून चालता येते, घोडा नेता येतो आणि सायकलही नेता येते. याशिवाय गाडीवाटांचे दोन प्रकार आहेत. कोणती वाट कोणत्या जातीची, हे फाटकाच्या खांबावरच्या बाणाच्या रंगावरून कळते. पिवळा बाण पायवाटेचा, निळा बाण घोडवाटेचा. सायकलवाल्याने निळा बाण धरून चालायचे. पिवळ्या बाणाच्या वाटेवर तो सायकलवर बसून निघाला, तर मालकाच्या जमिनीत हक्काशिवाय शिरल्यासारखे होते.

घोडवाटेवर सायकल नेण्याचा हक्क मुळातला नाही. तो १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्ट या कायद्याने दिला. देताना दोन अटी घातल्या. एक, सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. दुसरी, सायकलीसाठी वाट सपाट करून देण्याचे बंधन कोणावरही नाही. वाटेत धोंडे असोत की दलदल असो, जशी आहे तशी घ्यायची. ही दुसरी अट शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोलाची होती. हक्क दिला, पण त्याचा खर्च मालकाच्या गळ्यात बांधला नाही. त्या वेळी डोंगरी सायकल जन्मालाही आली नव्हती. ती आली तेव्हा कायदा तयारच होता.

मिठाच्या गोण्यांची वाट

मुळात या घोडवाटा डोंगरात आल्या कुठून? आपल्याकडे मिठाच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून तांडे कोकणातून घाट चढत. इंग्लंडात तेच काम घोडी करीत. उत्तर इंग्लंडच्या मधोमध पेनाइन नावाची डोंगरांची लांब रांग आहे. गाडीरस्ते सुधारण्यापूर्वी चेशर भागातले मीठ, डोंगरातली लोकर, विणलेले कापड अशा मालाची ने-आण लादणीच्या घोड्यांवरून चाले. हे घोडे हाकणाऱ्याला तिकडच्या बोलीत ‘जॅगर’ म्हणत. ओढ्यांवर त्यांनी अरुंद दगडी पूल बांधले. त्यांचे कठडे मुद्दाम बुटके ठेवले, कारण घोड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोण्या कठड्याला घासू नयेत. कालवे आले, रेल्वे आली आणि घोडी थांबली. पण वाटा राहिल्या आणि वाटेवरचा हक्कही राहिला. आजचा सायकलवाला त्याच पुलावरून जातो.

सगळेच डोंगर मात्र असे खुले नव्हते. पुष्कळ माळ मोठ्या जमीनदारांनी ग्राउझ नावाच्या पाखराच्या शिकारीसाठी राखले होते आणि राखणदार माणसांना हुसकून लावत. मँचेस्टर आणि शेफील्ड ही दोन मोठी गिरणी-कारखान्यांची शहरे. त्यांच्या मधोमध किंडर स्काउट नावाचा ६३६ मीटर उंचीचा पठारासारखा डोंगर आहे. २४ एप्रिल १९३२ या रविवारी हेफील्ड गावाजवळच्या खाणीपाशी सुमारे चारशे कामगार-तरुण जमले आणि मनाई मोडून त्या डोंगरावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता आणि तो मँचेस्टरहून सायकलवर आला होता. राखणदारांशी झटापट झाली. पुढे पाच तरुणांना तुरुंगवास झाला आणि प्रकरणाचा देशभर गवगवा झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि वाटांचा कायदा झाला. १९५१ मध्ये याच डोंगराभोवती पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले.

हेफील्ड ते ईडेल

आता एक वाट प्रत्यक्ष पाहू. सुरुवात त्याच हेफील्ड गावातून. गाव सोडले की दोन्ही बाजूंना दगडी गडगे लागतात. मधल्या वाटेने शेतघरांजवळून चढ सुरू होतो. खाली हिरवी कुरणे, वर करडा-तपकिरी माळ. फाटकांमागून फाटके येतात. प्रत्येक ठिकाणी उतरायचे, कडी काढायची, सायकल आत घ्यायची, कडी लावायची. वर खिंडीत ईडेल क्रॉस नावाचा मध्ययुगीन दगडी क्रूस उभा आहे. आपल्या शिवेवरच्या दगडासारखा, पिढ्यान्‌पिढ्या एका जागी.

खिंड ओलांडली की उतार लागतो, त्याचे नाव जेकब्स लॅडर. म्हणजे जेकबची शिडी. अठराव्या शतकात इथे जेकब मार्शल नावाचा शेतकरी राहत असे. त्याने चढावर पायऱ्या खोदल्या, अशी हकीकत सांगतात. पायऱ्यांची वाट चालणाऱ्यांची आणि तिच्या बाजूने वळसे घेत उतरणारी वाट घोड्यांची. माल लादलेले घोडे सावकाश वळशाने उतरे आणि घोडेवाला सरळ खाली जाई. सायकलवालाही वळशानेच उतरतो. दगड सुटे, पाणी वाहून नाळी पडलेल्या. इथे भल्याभल्यांची हाडे खिळखिळी होतात. खाली ओढ्यावर लादणीच्या घोड्यांचा दगडी पूल आहे.

पूल ओलांडला की ईडेलचे खोरे. इथल्या वाड्यांची नावे अपर बूथ, बार्बर बूथ, नेदर बूथ अशी आहेत. बूथ म्हणजे गुराख्याचे खोपट. जुन्या काळी गुरे राखणाऱ्यांची खोपटी जिथे होती, तिथेच पुढे वाड्या वसल्या. पुढे वाट जॅगर्स क्लफ नावाच्या घळीतून जाते. नावातच घोडेवाला आहे. त्याही पुढे होप क्रॉस हा १७३७ सालचा दिशादर्शक खांब लागतो. त्याच्या चार अंगांवर चार गावांची नावे कोरली आहेत. अंधारात, धुक्यात, हिमात घोडेवाला चुकू नये म्हणून ही सोय. तिथून खाली लेडीबोवर धरणाचे पाणी दिसते. १९४५ मध्ये हे धरण पुरे झाले. त्याच्या पोटात डरवेंट आणि ॲशप्टन ही दोन गावे गेली. धरणात गाव जाणे म्हणजे काय, हे कोयनेच्या काठच्या माणसांना सांगायला नको.

याच भागातून पेनाइन ब्रायडलवे नावाची लांब वाटही जाते. तिची लांबी ३३० किलोमीटरच्या आसपास आहे. घोडेस्वार आणि सायकलवाले डोळ्यांपुढे ठेवूनच ती आखली आहे. ती व्हावी म्हणून मेरी टाउनली या बाईंनी १९८६ मध्ये सुमारे २५० मैल घोड्यावरून प्रवास करून लोकांचे लक्ष वेधले. त्यांच्या नावाचा ७५ किलोमीटरचा फेरा २००२ मध्ये खुला झाला.

खडूच्या डोंगरावरून

दुसरी वाट दक्षिणेकडची, अगदी वेगळ्या मातीतली. साउथ डाउन्स हे खडूचे डोंगर. खडू म्हणजे आपला फळ्यावरचा पांढरा दगड, त्याचाच डोंगर समजा. विंचेस्टर शहरापासून समुद्राकाठच्या ईस्टबर्नपर्यंत १६० किलोमीटरची साउथ डाउन्स वे ही वाट डोंगराच्या पाठीवरून जाते आणि सायकलीने ती टोकापासून टोकापर्यंत करता येते. तिचा पहिला टप्पा १९७२ मध्ये सुरू झाला. हे डोंगर फार उंच नाहीत. डिचलिंग बीकन हे ठिकाण २४८ मीटर उंच. पण वाट सारखी चढते आणि उतरते. सगळे चढ जोडले तर कळसूबाईच्या उंचीच्या दुपटीहून अधिक भरतात. दणकट माणसे एका दिवसात हे अंतर कापतात, बाकीचे दोन-तीन मुक्काम करतात.

खडूत पाणी टिकत नाही, झिरपून जाते. म्हणून धनगरांनी मेंढरांसाठी माथ्यावर तळ चोपून उथळ तळी केली. त्यांना ‘ड्यू पाँड’ म्हणतात. सायकलवाल्यांसाठी आता वाटेवर ठिकठिकाणी पाण्याचे नळ आहेत. पूर्वी हा सारा मुलूख मेंढरांचा. दुसऱ्या महायुद्धात धान्याची ओढ लागली तेव्हा पुष्कळ माळ नांगराखाली आला. त्यामुळे आज इथली वाट कुठे गवतातून तर कुठे गहू-बार्लीच्या उभ्या पिकाला लागून जाते.

शेतकऱ्याने काय पाळायचे

इथेच खरी कसोटी लागते. शेताच्या मधून वाट गेली, तर नांगर कुठे थांबवायचा?

तिथला कायदा मोजमापाने बोलतो. वाट शेताच्या कडेने जात असेल तर ती नांगरायचीच नाही. घोडवाटेला कडेने तीन मीटर रुंदी सोडायची. वाट शेताच्या मधून जात असेल आणि ती टाळून नांगरणे सोयीचे नसेल, तर नांगरता येते. पण पहिल्या नांगरटीपासून चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करायची आणि खूण दिसेल अशी दाबून घ्यायची. त्यानंतर पेरणीसाठी पुन्हा मोडली तर चोवीस तासांत नीट करायची. मधून जाणारी घोडवाट कमीत कमी दोन मीटर रुंद ठेवायची. उगवलेले पीक तिच्यावर येऊ द्यायचे नाही. न पाळल्यास स्थानिक कौन्सिल स्वतः वाट मोकळी करून खर्च वसूल करू शकते.

फाटक मालकाने सांभाळायचे. घोडवाटेवरचे फाटक निदान पाच फूट रुंद हवे. दुरुस्तीच्या वाजवी खर्चातला किमान चौथा हिस्सा त्याला रस्ते खाते पाहणाऱ्या कौन्सिलकडून मागता येतो. वळूबद्दलही नियम आहे. जर्सी, फ्रीजियन, हॉल्स्टीन अशा दुभत्या जातींचा दहा महिन्यांवरचा वळू वाट असलेल्या कुरणात सोडायचा नाही. मांसासाठी पाळलेल्या जातीचा वळू चालतो, पण गाई-कालवडींबरोबर असेल तरच. हा नियम १९८१ चा. वासरे असलेल्या गाईंच्या कळपात माणूस तुडवला जाऊन दगावल्याच्या घटना तिकडे घडल्या आहेत. त्यामुळे शेतकऱ्याच्या जिवाला हा घोर कायमचाच असतो.

एवढे सारे सांभाळून जुन्या वाटेबद्दल त्याला भाडे मिळत नाही. जमीन घेताना वाटेसकट घेतली, असे धरले जाते.

सायकलवाल्याने काय पाळायचे

हक्क शहरवाल्याचा असला, तरी त्याने वागायचे कसे याचीही शिस्त आहे. १९५१ पासून सरकारमान्य ‘कंट्री कोड’ छापला जातो. त्यातला फाटकाचा नियम समजून घेण्यासारखा आहे. आपल्याला वाटेल, फाटक नेहमी लावावे. नियम तसा नाही. फाटक जसे दिसले तसे ठेवावे. लावलेले असेल तर लावा, उघडे असेल तर उघडेच राहू द्या. कारण शेतकऱ्याने ते मेंढरांना पाण्यावर जाता यावे म्हणून मुद्दाम उघडे ठेवलेले असू शकते. भल्या हेतूने कोणी ते लावले तर कळप उन्हात तहानलेला राहील.

आणि लावलेले फाटक उघडे टाकले तर काय होते? मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. डोंगरातला शेतकरी नोव्हेंबरच्या सुमारास नर सोडतो, म्हणजे कोकरे एप्रिलमध्ये, हिम सरून कोवळे गवत फुटताना जन्मतात. एका उघड्या फाटकामुळे नर महिनाभर आधी मेंढ्यांत गेला, तर तेवढी कोकरे महिनाभर आधी, कडाक्याच्या थंडीत जन्मतील. शहरवाल्याला ती लोखंडी कडी वाटते. शेतकऱ्याचा वर्षाचा हिशोब त्या कडीला टांगलेला असतो.

विण्याच्या दिवसांत मेंढ्यांजवळून सायकल हळू न्यावी. कळप बुजला तर नुकते जन्मलेले कोकरू आईपासून तुटते. घोडा दिसला की दुरूनच हाक द्यावी, कारण मागून गुपचूप आलेल्या सायकलीला घोडा बुजतो. घोडवाटेवर परवानगीशिवाय शर्यत लावणे गुन्हा आहे. जमीन ओली असताना उतारावर ब्रेक दाबून चाक घासत नेऊ नये. त्याची एक चाकोरी पडते, पावसाचे पाणी त्या चाकोरीत शिरते आणि काही हंगामांत तिथे ओघळ होतो. वाफसा नसताना रानात पाय घातला की काय होते, हे तुम्हा-आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. डोंगराच्या मातीलाही तोच न्याय.

सगळे असे वागतात असे नाही. चुकणारेही पुष्कळ. शिवाय विजेवर चालणाऱ्या सायकली आल्यापासून ज्यांना चढ झेपत नव्हता तेही माथ्यावर पोहोचू लागले आहेत. ठरावीक ताकदीपर्यंतच्या अशा सायकलींना कायदा साधी सायकलच मानतो. त्यामुळे वाटांवरचा भार वाढला आहे.

वाटा बंद झाल्या ते वर्ष

शेतकरी आणि वाटसरू यांचे पोट एकमेकांत किती गुंतले आहे, हे २००१ मध्ये साऱ्यांना कळले. त्या फेब्रुवारीत इंग्लंडात लाळ-खुरकूत निघाली. रोग आवरण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारली. रोगाचा विषाणू चिखलाबरोबर बुटांना आणि चाकांना चिकटून जातो. म्हणून देशभर वाटा बंद केल्या, फाटकांवर मनाईच्या पाट्या लागल्या.

सर्वांत मोठा तडाखा उत्तरेच्या कंब्रिया भागाला बसला. तिथेच लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर आहेत आणि हर्डविक जातीची काटक मेंढी आहे. या मेंढरांना डोंगरावर कुंपण नसते. आई कोकराला बरोबर हिंडवून आपला चरण्याचा भाग शिकवते. ते कोकरू मोठे होऊन आपल्या पिल्लाला शिकवते. असे शेकडो वर्षे चालत आले आहे. कळप मारला तर नुसती मेंढरे जात नाहीत, डोंगराची ओळखही जाते. नवी मेंढरे विकत आणता येतात, ती ओळख विकत मिळत नाही. त्या वर्षी डोंगरातल्या शेतकऱ्यांना ही धास्ती सर्वांत मोठी होती.

दुसरीकडे वाटा बंद झाल्याने खानावळी, चहाची दुकाने, मुक्कामाची घरे ओस पडली. सरकारी लेखापरीक्षकांच्या हिशोबाप्रमाणे सरकारचा खर्च ३ अब्ज पौंडांवर गेला आणि खासगी धंद्यांचे नुकसान ५ अब्ज पौंडांवर. यातला मोठा वाटा पर्यटनाचा होता. वाटेवरून जाणारा परका माणूस गावाच्या पोटाशी किती जोडला गेला होता, ते तेव्हा दिसले.

ही जोडणी घरच्या बाईच्या हातून झालेली असते, हे आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे. डोंगरातल्या पुष्कळ शेतघरांत एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवतात. रात्रीचा मुक्काम आणि सकाळची भरपेट न्याहारी असा तो व्यवहार. कोणी जुन्या गोठ्यात बाकड्यांच्या झोपण्याची सोय करतो, कोणी पडीक तुकड्यावर तंबू लावू देतो, कोणी अंगणात चहा आणि घरचा केक विकतो. सायकलवाल्याला आणखी दोन गोष्टी लागतात. सायकल धुवायला नळ आणि ती रात्री कुलपात ठेवायला खोली. मेंढरांचा भाव पडला तरी हा पैसा हाती येतो. मात्र तो ज्याच्या दाराशी मुक्काम पडतो त्यालाच मिळतो. शेजाऱ्याच्या वाट्याला नुसती फाटके उघडी राहण्याचा ताप येतो, ही त्यातली कुरबुर.

कागदावर लिहिले तेच राहिले

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक वाट अधिकृत नकाशावर चढवायचे ठरले. गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतींनी, आपापल्या शिवारातल्या वाटा पाहून याद्या केल्या. ज्यांनी नीट केल्या तिथे वाटा नीट राहिल्या. कुठे घोडवाट असताना पायवाट लिहिली गेली, कुठे वाट लिहायचीच राहिली. एका गावात घोडवाट शिवेपर्यंत येते आणि शिव ओलांडताच पुढच्या गावात तीच पायवाट होते, अशा गमतीही आहेत. सायकलवाल्याला शिवेवर उतरावे लागते. आज हक्काच्या वाटांपैकी साधारण पाचातल्या एकीवरच त्याला जाता येते, त्याचे एक कारण या जुन्या नोंदी.

चुकलेली नोंद दुरुस्त करता येते. पण पुरावा लागतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक गायराने वाटून गडगे घातले, तेव्हाचे निवाडे आणि नकाशे शोधावे लागतात. त्यांत घोडवाटांची रुंदीसुद्धा लिहिलेली असे. किंवा वीस वर्षे लोक विनाअडथळा, हक्काने त्या वाटेने जात होते, हे दाखवावे लागते. २००० सालच्या कायद्याने जुन्या, नोंद न झालेल्या वाटांसाठी १ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली. पुढे ती २०३१ पर्यंत नेली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही मुदतच काढून टाकण्याचे जाहीर केले. शेतकरी संघटनांना मुदत हवी होती, म्हणजे आपल्या रानात पुढे काय निघेल याची टांगती तलवार राहत नाही. वाटसरूंना ती नको होती. दोघांचेही म्हणणे बिनबुडाचे नाही.

शेजारच्या स्कॉटलंडने वेगळा मार्ग धरला. तिथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला बहुतेक मोकळ्या जमिनीवर पायी, घोड्यावर किंवा सायकलीने जाता येते. इंग्लंडात मात्र २००० च्या कायद्याने माळ आणि डोंगर खुले केले ते पायी फिरणाऱ्यांना. सायकल आजही वाटेलाच बांधलेली आहे.

आपल्याकडे डोंगरात सायकली फिरवण्याचा हा शौक गावाला कितपत मानवेल, तो ज्याचा त्याने विचार करावा. पण वाटेची गोष्ट आपल्या घरचीच आहे. पाणंद कोणी नांगरली, बांधावरून बैलगाडी अडवली आणि त्यापायी भावकीत बोलणे बंद झाले, असे नाही असे गाव विरळा. आपल्या कायद्यातही सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. असलेली वहिवाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ही सहा महिन्यांची मुदत पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही आणि हक्काचे प्रकरण हातचे जाते.

म्हणून सुगी आटोपली की एक काम करावे. आपल्या गावचा जुना नकाशा पाहून घ्यावा. आपल्या रानाला जाणारी वाट त्यावर आहे का, किती आहे, आज जागेवर किती उरली आहे, हे घरातल्या कर्त्या मुला-मुलींना बरोबर नेऊन दाखवावे. वाट नकाशावर नसेल, तर शेजाऱ्याशी बोलणे चालू आहे तोवरच ती लिहून घ्यावी. बोलणे बंद झाल्यावर कागद करणे जड जाते.

या वाटांच्या कडेचे दगडी गडगे चुना-सिमेंटाशिवाय कसे रचतात आणि पिढ्यान्‌पिढ्या उभे कसे राहतात, ते पुढच्या वेळी पाहू.